समुद्राचं पाणी कोणी बांधलं

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा माझा धीर सुटला. सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, मोतीबिंदू पुरता पिकला होता, दुसरा डोळा आधीच कामातून गेलेला, आणि दवाखान्याची पायरी चढली की त्यांचं बीपी जे वर जायचं ते खाली यायचं नावच घेत नसे. "प्रेशर खाली आणा, मगच ऑपरेशन. पण फार लांबवू नका, नाहीतर हाही डोळा जाईल," डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात बाबांनी अंगणात कव्हर घालून ठेवलेल्या स्कूटरला "बस ना रं, उभा का?" असा आग्रह केला होता. मी आधी पोट धरून हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

मीठ बंद झालं, पापड बंद झाले, गोळी वाढली. उरलं होतं मन. मन शांत करण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे. मी मोहोपाड्याच्या कॉलनीत, कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली बाई. आता खोपोलीच्या ऑफिसातून घरी आले की कानात समुद्राच्या लाटा लावते आणि साहेबाला मनातल्या मनात बुडवते. मला गुण येतो, तर बाबांना का येऊ नये?

रविवारी जेवणं झाल्यावर बाबांना खाटेवर आडवं केलं आणि खिडकीत छोटा स्पीकर ठेवला.

"डोळे मिटा. लाट आली की श्वास आत, गेली की बाहेर. मनात काही आणू नका."

लाट आली. बाबांनी श्वास घेतला. लाट गेली आणि बाबा ताडकन उठून बसले.

"बंद झालं."

"काय?"

"पानी. आत्ता येत व्हतं. कोनीतरी बांधलं." तेवढ्यात पुढची लाट आली. "हां, सोडलं! ...बघ, परत बांधलं!"

आमच्याकडे उन्हाळी भाताला वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं मिळतं. ते एका शेतातून खालच्या शेतात उतरतं. वरच्याने बांधाच्या तोंडात चिखलाचा गोळा दाबला की खालचा कोरडा. बाबांची सगळी हयात बांधावर बसून पाण्याचा आवाज ऐकण्यात गेली. त्यांचं शेत खालचं. वरचं शेत काकांचं, म्हणजे बाबांच्या चुलत भावाचं. काका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात, पण असल्याच एका चिखलाच्या गोळ्यावरून दोघांचं बोलणं माझ्या लग्नाआधीपासून बंद होतं. लग्नाला दोघं दोन वेगळ्या टेंपोंतून आले होते. आता दोन्ही शेतं विकली गेलीत. तिथे मुंबईवाल्यांचा बंगला आहे आणि पोहायचा तलाव बारा महिने भरलेला असतो.

"बाबा, हे समुद्राचं पाणी आहे."

"मग समुद्राचं कोन बांधतं?"

मी आवाज वाढवला, म्हटलं मोठ्याने तरी शांती मिळेल. बाबा भिंतीकडे वळून ओरडले, "सोड रं पानी!"

भिंतीपलीकडून लगेच आलं, "मी कशाला बांधू? तूच काय करतोस ते बघ!"

आणि पाठोपाठ काका काठी टेकत दारात हजर. "मगापासून ऐकतोय. कुठं चाललंय पानी?"

मी स्पीकर दाखवला. त्यांनी तो कानाला लावला आणि निकाल दिला, "ह्ये माझं पानी नाय. माझ्या बांधावरचं पानी असं फसफसत नाय."

"तुझ्या बांधावरनं पडायचंच कवा?"

"त्या साली खेकड्यानं भोक पाडलं व्हतं, किती येळा सांगू?"

"खेकडा पानी सोडतो रं! बांधतो कवा?"

इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम सुटलं. बाबांचा चेहरा लाल झालेला, मी बीपीचं मशीन हातात धरून नुसती उभी. शेवटी माझंही डोकं फिरलं. "काका, तुम्ही घरी जा! तुमच्या पाण्यापायी यांचा डोळा जाईल."

काकांनी स्पीकर खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "डोळा? मला कोन बोललं नाय."

"तू बोलत नायस, तर तुला कोन सांगंल?" बाबा म्हणाले.

काका खाटेच्या कडेला बसले. स्पीकर आपला चालूच होता. थोड्या वेळाने खेकड्याचा विषय पुन्हा निघाला, पण आता हळू आवाजात. बोलता बोलता बाबा आडवे झाले, जागा करून देत थोडे सरकले आणि काकाही लवंडले. दोघं घोरायला लागल्यावर मी बाबांच्या दंडाला पट्टा लावला, तर आकडा चक्क खाली. मशीन बिघडलं असेल म्हणून स्वतःचंही बीपी बघितलं. बिघडलं होतं ते माझं.

त्यानंतर काका रोज दुपारी भांडायला येऊ लागले. ऑपरेशनच्या दिवशीही आले आणि बाबांना आत नेईपर्यंत भांडत राहिले. प्रेशर बघून डॉक्टर चाट पडले. मी तोऱ्यात लाटांबद्दल सांगितलं. आता ते इतर पेशंटनाही लाटा ऐकायला सांगतात म्हणे. सोबत एक चुलत भाऊ लागतो, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

पट्टी निघाल्यावर बाबांनी काकांकडे टक लावून पाहिलं. "केस कवा गेले रं तुझे?" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी दोघं खाटेवर झोपले होते. डोळा सुखरूप होता, आता कशाला हवा समुद्र? मी पाय न वाजवता गेले आणि स्पीकर बंद केला.

"चालू ठेव गं," बाबा डोळे न उघडता पुटपुटले. "पानी थांबलं तर ह्यो उठून घरी जाईल."