जाड टायर आणि कमरपट्टा

महाळुंग्यातला सायकलवाला गिऱ्हाइकाकडे बघत नाही, आधी टायर अंगठ्यानं दाबतो. जाड टायरांच्या सायकलला शॉकअप लागत नाही, असं मला विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मी पेट्रोल पंपावर तिच्यात मोटारसायकलसारखी टणक हवा भरायचो आणि कंपनीतली शिफ्ट संपली की खड्ड्यांच्या रस्त्यानं, कंबर धरून खोलीवर यायचो.

“हवा लई हाय,” तो पुटपुटला आणि निम्मी सोडली. “बारीक खड्डे आता टायर गिळंल. मोठ्याला शॉकअपच पायजे, भाऊ. न्हाईतर टायर उसळून तुमालाच हाणतो.”

“मग शॉकअपवाली घेईपर्यंत काय करू?”

त्यानं शर्ट वर करून स्वतःचा कंबरदुखीचा रुंद कमरपट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला.

काल पट्टा परत करायला गेलो, तर सायकलवाला उभ्यानंच पंक्चर काढत होता. “बसलं की उठवत न्हाई,” म्हणाला.

पट्टा मात्र घेतला नाही.