अर्धं तुझं तू करायचं

वैशाख वद्य पंचमी. सकाळपासून मी सूर्यमाळच्या झऱ्यावर करवंटीने हंडा भरत बसले होते. उन्हाळ्यात तिथं पाणी असंच मिळायचं: खड्ड्यात ओंजळभर झिरपलं की उपसायचं, पुन्हा वाट पाहायची. माझे यजमान संस्थानच्या शाळेवर मास्तर, पाण्याचं काम माझं. भरला हंडा घेऊन चढ चढता चढता तीन वर्षं माझी कंबर दुखत होती. शेजारणीची त्याहून वाईट. अंथरुणातून उठताना ती ओरडायची ते आमच्याकडे ऐकू यायचं. आवणीला, भात लावायला, वाकता आलं नाही तर दुसरी आणीन, असं नवऱ्याने तिला सांगून टाकलं होतं.

फाल्गुनात आम्ही दोघी पोशेऱ्याच्या म्हातारीकडे गेलो. ती हाडं बसवायची. मणक्याच्या कडेकडेने कोपराने दाबत यायची, मग पाय वळवून एक झटका. पहिल्याच दिवशी शेजारीण ताठ उभी राहिली आणि रडली.

"रडू नको. मी अर्धा केला," म्हातारी म्हणाली. "अर्धा तुजा तू करायचा, रोज. नाय केलास तं माज्याकडं येऊ नको."

रोजचं ते असं: उताणं पडून गुडघे पोटाशी घेऊन दोन्ही कुशींना झुलायचं. मग रांगत्या मुलासारखं होऊन पाठ वर उचलायची, खाली सोडायची. आठवड्याला म्हातारीचा हात.

शेजारणीला घरी हे जमेना. तिची सासू पायाळू, पायांकडून जन्मलेली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की लोक तिच्याकडे येत आणि ती पाठीला तीन लाथा लावी. सून भलतीकडे जाते, वर सकाळी लोळते, हे तिला कसं खपावं?

"माज्या पायाला गुण नाय का? ऊठ, भाकरी तुजा बाप थापील?"

म्हणून ती माझ्या पडवीत यायची.

"बाई, मास्तरांनी पाहिलं तं?"

"ते आंघोळीला गेलेत. झुल."

"उलटलेल्या कासवी दिसतो आपण."

चैत्र संपेतो ती वाकून घर सारवू लागली. ओरडणं थांबलं.

मग मी यजमानांबरोबर भाचीच्या लग्नाला बारा दिवस जव्हारला गेले. जाताना पडवीला कुलूप घातलं. किल्ली तिला द्यायला हवी होती. सुचलं नाही.

रात्री उशिरा परतले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही पंचमी. झऱ्यावरच्या बायकांनी सांगितलं: तिचं झुलणं बंद पडलं, दुखणं उलटलं. रोजचं केलं नाही म्हणून म्हातारीकडे जायची तिला भीती वाटली. काल सासूने लाथा लावल्या, तेव्हापासून पायांत जीव नाही.

हंडा तिथंच ठेवून तिच्या घरी गेले. नवरा अंगणात खाली बघत बसला होता. आत सासू सुनेचे तळवे चोळत होती. "हळूच लावली गं, देवाशपथ." खोटं नसावं. ती सगळ्यांनाच हळू लावायची.

शेजारीण म्हणाली, "म्हातारीला सांगू नका बाई. मी केला नाय."

मी पोशेऱ्याला निरोप धाडला. दिवस मावळताना म्हातारी आली. तिने पाठ चाचपली, तळव्याला काटा टोचून पाहिला. पाय हलला नाही. तिने हात धुवायला पाणी मागितलं.

"आता माज्या हातातला नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटई टाकली, झुलले, पाठ उचलली. मग माझा हंडा भरून आणला आणि तिचा रिकामा हंडा घेऊन पुन्हा झऱ्यावर गेले.