टाकासाठी मोडलेलं पदक

मुलांनो, मी तेव्हा बारा वर्षांची होते, इंग्रजी तिसरीत. लोणावळ्यात आमच्याकडे दूध घालणारी मावशी कार्ल्याकडच्या एका गावातून चालत येई. तिचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढाईसाठी तिकडे इराकात, बसऱ्याला गेला आणि तिकडेच वारला. लष्कराचं इंग्रजी पत्र आलं होतं, पण गावात ते कुणालाच वाचता येईना. लष्कराचं पत्र, म्हणजे पोरगा लढाईत कामी आला, असं सगळे धरून चालले.

त्या गावात धुळवडीला घरोघरचे वीर वाजतगाजत मिरवत. वीर म्हणजे त्या घरातला हत्यारानं मेलेला पुरुष. चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून घ्यायची, तो टाक. धुळवडीला तो हातात घेऊन नाचवत; एरवी तो देव्हाऱ्यात असे.

लढाई संपून दोन-तीन वर्षं झाल्यावर टपालानं चांदीचं पदक आलं. त्याचाच टाक करायचं मावशीनं ठरवलं. मोडण्याआधी कागद एकदा वाचावेत म्हणून ती ते पत्रही घेऊन आली. मी अभ्यास म्हणून दाखवावा तसा खणखणीत अर्थ सांगितला : इस्पितळात, हगवणीनं मृत्यू.

"पुन्यांदा वाच, पोरी. गोळी लागली आसंल."

मी पुन्हा वाचलं. अर्थ तोच निघाला. तिनं कागदांची घडी केली आणि गावातल्या कुणाला सांगू नकोस म्हणाली. आई मला खूप बोलली. मी म्हटलं, पत्रात होतं तेच वाचलं.

पदकावर इंग्रज राजाचं तोंड होतं, म्हणून सोनार ते मोडायला घाबरत होता. माझ्या लेकाचं तोंड काढ, राजाचं मला काय करायचंय, असं म्हणून मावशी टाक होईपर्यंत दुकानातून हलली नाही, असं वडिलांनी सांगितलं.

धुळवडीनंतर ती दूध घालायला आली तेव्हा मी विचारलं, टाक मिरवला का?

"न्हाई. देवातच ठिवला."

मी म्हटलं, मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती दूध मापत होती. "मला ठावं हाय न्हवं? आन् त्या दुखन्यात सारकं उठून उठून लय दमला आसंल त्यो. कशाला नाचवू त्याला? निजू दे."

मग किटलीचं झाकण लावून ती उठली. अजून तीन घरांचं दूध घालायचं राहिलं होतं.