खडखड की करकर? जत-सांगली रस्त्यावर ताईच्या गाडीचा आवाज शोधताना

जतला फिरायला कोणी जात नाही. मीही गेलो नसतो, पण ताईचा फोन आला, "नित्या, तुला तरी काय काम हाय? ये, आणि गाडी सांगलीला दाखवून आण."

ताई जतजवळच्या एका वाडीवर शाळेत शिकवते. तिची इलेक्ट्रिक गाडी पुढच्या चाकांकडून आवाज करत होती. दाजी सैन्यात, तेव्हा सुट्टीवर आलेले. परत जायच्या आत आवाज गेला नाही तर गाडी विकायची, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. गाडी गेली की ताई यष्टीनं जाणार, फाट्यावर उतरून शाळेपर्यंत उन्हात चालणार. आणि शनिवारी शाळा सुटली की थेट वडूजला आईकडं यायची, तेही बंद. आईचा आठवडा त्या शनिवारवरच चालतो. म्हणून निघालो.

वडूजहून म्हसवड, मग दिघंची, आटपाडी, जत. थेट गाडीच्या नादी लागू नका, मिळेल ती यष्टी धरा. मी म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात जरा टेकलो, त्यात पुढची यष्टी गेली. स्टँडवरची भजी खात बसलो. आटपाडीनंतर रस्ता मोकळा आणि माळ नुसता भाजलेला. पाणी घरून भरून घ्या.

सकाळी दाजींनी किल्ली दिली. "पाव्हणं, पुढनं खडखडतंय. तसंच सांगा तिथं."

जतहून नागज फाटा, तिथून हायवे धरून कवठेमहांकाळ, मिरज, सांगली. हायवे गुळगुळीत, पण नागजपर्यंत खड्डे चुकवा. चार्जिंग जतलाच पूर्ण करून निघालेलं बरं.

सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पोरानं विचारलं, "आवाज कसाय?"

"खडखड."

"मग लिंक रॉड असणार." चाक आणि पुढचा आडवा दांडा यांना जोडणारी ती छोटी काडी. तिचे सांधे सैल झाले की खड्ड्यात खडखडतं. दोन्हीकडच्या बदलल्या. तोवर मी कृष्णेच्या घाटावर जाऊन भडंग खाल्लं, एका नावाड्याशी गप्पा मारल्या, परतायला उशीर केला. येताना गाडी गप्प. मी गाणी म्हणत आलो. जतमध्ये दाजींच्या अंगणात वळवली आणि आवाज आला. इंजिन असतं तर त्याच्या गोंगाटात दबला असता. हिच्यात इंजिनच नाही, सगळं उघडं.

दाजी दारात उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई रजा टाकून बरोबर आली, गाडी तिनंच चालवायला घेतली. नागजच्या अलीकडं मेंढरं आडवी. ताई थांबली. मेंढरं ढिम्म.

मेंढक्या हसला. "हिचा आवाजच न्हाई, बाई. मेंढरांना कळायचं कसं?"

"दाजींना आवाज नको म्हणून तर सांगलीला चाललोय, मामा," मी म्हणालो.

ताईनं गाडी कडेला घ्यायला जागेवरच स्टिअरिंग फिरवलं. करर्र. मग टण्.

"हाच," ती म्हणाली. "खडखड कोण म्हणालं तुला?"

"दाजी."

"त्यांच्या मिलिटरीच्या ट्रकात असल खडखड. ही करकर हाय. वळताना येती. पयल्यापास्नं सांगतीय, पण चालवणारीला इचारतंय कोण?"

मला एकदम काहीतरी सुचलं. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला, चाकामागं हात घालून स्प्रिंग धरली. ताईनं हळूच स्टिअरिंग फिरवलं. स्प्रिंग पीळ घेत गेली आणि झटक्यात सुटली, पार कोपरापर्यंत जाणवलं. शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग अडकलं होतं. शॉकअपनं स्टिअरिंगबरोबर सहज फिरायचं, ते फिरत नव्हतं. खडखड म्हणजे सैल, करकर म्हणजे अडकलेलं. एवढ्या एका शब्दानं आमची एक फेरी वाया गेली होती.

सांगलीत खोलून बघितलं, तेच निघालं. आत माती, गंज. पण पार्ट पुण्याहून येणार. आम्ही घरी परतलो आणि वाट बघत बसलो. दाजींची बॅग भरत आली. ताई रोज सर्व्हिस सेंटरला फोन लावायची आणि 'अजून आला न्हाई' ऐकून ठेवून द्यायची.

पार्ट आला. मी जाऊन दोन्हीकडची बेअरिंग माउंटिंगसकट बदलून आणली. येताना प्रत्येक वळणावर कान लावला. काही नाही. ढालगावकडच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मी थांबून एकटाच नाचलो. कवठेमहांकाळला घेतलेले बेदाणे जतपर्यंत निम्मे संपले.

संध्याकाळी दाजी चालवायला बसले, ताई शेजारी, मी मागं. काचा बंद. जागेवर वळवली, खड्ड्यात घातली. गाडी मुकी.

"येतोय," दाजी म्हणाले.

"आवं, कुठं?"

"ऐक की."

आम्ही ऐकलं. टायरखाली बारीक खडी चरचरत होती.

"ही खडी हाय," ताई म्हणाली.

"मी तिकडं गेल्यावर खडी हाय का चाक हाय, हे कोण ऐकणार? माळावर तू एकटी."

"मी ऐकते की."

दाजींचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. त्या माणसाचा राग येईना, हेच वाईट. आमच्याकडं दुरुस्त करायला आता काही उरलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी विकून टाकली. घेणाऱ्यानं चक्कर मारली आणि म्हणाला, "लय शांत हाय गाडी."

मी वडूजला परत आलो. तुमची इलेक्ट्रिक गाडी वाजत असेल तर आधी उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून बघा, आणि जो रोज चालवतो त्यालाच विचारा. हे लिहिण्यासारखं आहे म्हणून लिहितोय. बाकी या फिरण्यातून काय मिळालं, मला सांगता येत नाही. कुठल्याही गाडीत बसलो की कान पुढच्या चाकाशी जातो.

शनिवारी आईनं सवयीनं दुपारची एक भाकरी जादा थापली. मग ताईचा फोन आला. मागं एवढा दणदणाट की तिचं बोलणं नीट कळेना.

"न्हाई जमायचं रं आज. आटपाडीची गाडी चुकली, पुढची कवा हाय कुणाला ठाऊक."

"हा आवाज कसला?"

"जतला घरी चाललीय, त्या यष्टीचा. खिडक्या, पत्रा, बाकडी, समदंच."

"केवढा!"

"व्हय," ताई म्हणाली. "पण ह्याला कुणी भीत न्हाई."