साहेब डोळे न्यायला आले होते

सगळ्यात आधी आली ती आमच्या शेजारची यमुनाबाई. डोक्यावर हंडा तसाच, निम्मं पाणी अंगावर सांडलेलं... दारातूनच म्हणाली, "अवं, साहेब डोया काढाले येल शे."

गोष्ट जुनी आहे बरं का, पासष्ट-सहासष्टचं साल असेल. शहाद्याकडचं तापीकाठचं आमचं गाव. परवा नातीनं तिच्या लॅबमधली काचेची बाटली दाखवली, आत केळीचं इवलंसं रोप... आणि मी एकटीच हसत सुटले. ती म्हणाली, आजी, तू बोल, मी टाइप करते. माझं शिक्षण दुसरीपर्यंतच, तेव्हा चुकलंमाकलं तिच्या नावावर.

तर डोळे. त्या महिन्यात आख्ख्या गल्लीत डोळ्यांची साथ होती. घरोघरी पोरांचे डोळे लाल, चिकटलेले... सुटली होती एकटी माझी शकू. चार वर्षांची, आणि डोळे असे टपोरे की बाया वाटेत थांबून दृष्ट काढत बोटं मोडायच्या.

यमुनाबाई सांगत होती, सरकारी जीप पारापाशी थांबली, दोन साहेब उतरले, एकाच्या हातात काचेच्या नळ्यांची पेटी. ते म्हणे लोकांना विचारत होते, एवढ्या रोगात जो एकटा तग धरून राहिला तो कुठे आहे? त्याचे डोळे काढायचे, बाटलीत ठेवायचे. आणि लोकांनी आमच्या घराकडे बोट केलं.

माझ्या हातातलं पीठ परातीतच राहिलं. घरधनी कापूस घेऊन नंदुरबारला गेलेले... घरात सासरे, मी आणि शकू.

यमुनाबाई गेली आणि पाच मिनिटांत जीप आमच्या दारात. मी शकूला उचललं आणि मागच्या खोलीत कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलं. कापूसच कापूस असायचा तेव्हा घरात, शिंकून शिंकून जीव जायचा... असो. तिला म्हटलं, लपाछपी आहे, डोळे मिटून घे, मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.

मग दाराआड उभी राहिले. आमचे सासरे म्हणजे आबा, कडक माणूस. लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्याशी थेट बोललेले नव्हते. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचे. मीही डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही.

बाहेर साहेब सांगत होता, कोवळे असतानाच कापायला हवेत, अगदी टोक तेवढं, खसखशीएवढं. तिथवर रोग पोचलेला नसतो. मग बाटलीत गोड खळीवर ठेवायचं... एकापासून शंभर होतील.

शंभर! मला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या साहेबानं पेटी उघडली, त्यात ब्लेड. मी फटीतून बघितलं, नवंकोरं, चकचकीत.

आणि आबा म्हणाले, "लई जा साहेब. त्यानं काय मोठं."

घेऊन जा म्हणे, काय मोठं! माझ्या पोरीचे डोळे, आणि काय मोठं... पोरगी आहे म्हणून? त्या क्षणी आबांचा राग आला, पण भीती काही गेली नाही, उलट वाढली. मागे ढिगातून शकू हळूच विचारत होती, आई, उघडू का?

मी उंबरा ओलांडला. परक्या माणसांसमोर, आबांसमोर. पदर कुठे होता देव जाणे.

म्हटलं, "आबा, पोरना डोया ऱ्हाऊ द्या. मन्हा लई ल्या." माझे घ्या म्हटलं, माझे!

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबाकडे, मग शेजारच्या टोपलीतून एक बटाटा उचलून माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

अहो, त्या वर्षी आबांनी पहिल्यांदाच बटाटा लावला होता. सगळ्या वावराची पानं मुडपली, झाडं खुजी राहिली, एकच झाड ठणठणीत उभं... साहेब त्या झाडाच्या बटाट्यांचे डोळे मागत होता! उसाला डोळा असतो हे मला ठाऊक होतं हो. पण बटाट्याच्या त्या खळग्याला कोण डोळा म्हणतं? आमच्याकडे तर कोणीच नाही.

साहेब भला माणूस. हसला, पण माझ्यावर नाही. म्हणाला, "ताई, तुमचे डोळे मावतील एवढी नळी आमच्याकडे नाही." मग शकूला बाहेर आणलं. केसांत, भुवयांत कापूस, आणि डोळे अजून गच्च मिटलेले... मी 'उघड' म्हटल्यावरच उघडले. साहेबानं तिच्या हातात भिंग दिलं आणि बटाट्याचा डोळा दाखवला. ती म्हणाली, हा पण झोपलाय.

आता माझी शकूही आजी झालीय, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. मी मात्र बटाटा चिरताना अजून आधी डोळ्यांकडे बघते... आणि मनात हात जोडते.

त्या दिवशी साहेब बटाटे फडक्यात गुंडाळून निघाले. आबांना सांगत होते, कोंब फुटले की टोकं कापू, बाटलीत रोपं करू, जमलं तर पुढच्या वर्षी त्यांचंच बेणं घेऊन परत येऊ. जीपच्या आवाजात आबांना यायचा दिवस तेवढा ऐकू गेला नाही. धूळ खाली बसली तेव्हा ते वळले, भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"कोनता दिन सांगा वं त्यासनी?"

मी म्हटलं, "आवते साल, भाऊबीजना दुसरा दिन."