आईने निवडलेले स्पीकर

मंडळी, आज दादरला नवे स्पीकर घ्यायला गेलो, तेव्हा आईलाही सोबत नेलं. ऐंशी ओलांडलेली आई हल्ली गाणी ऐकतच नाही. "शब्द कळत नाहीत रे," म्हणते.

दुकानदाराने आधी मोठी, महागडी जोडी लावली. काय तो धमाका! मी खूश. आई मात्र खुर्चीत मागे टेकून बसलेली.

मग त्याने लहान, स्वस्तातली जोडी लावली. आई खुर्चीत पुढे सरकली. "हीच घे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना शिवाजी पार्कात आम्ही पोरी पार मागे बसायचो. भोंगा खरखरायचा, पण शब्दन् शब्द कळायचा. तसंच कळतंय बघ."

तीच घेतली. आत्ता घरी त्यावर गाणं लावलंय आणि स्वयंपाकघरातून आई गायिकेच्या बरोबरीने गातेय.

तुमच्याही घरी कोणी गाणी ऐकायचं सोडलंय का?