दोन थापा आणि कांद्याची पात

तुमच्या चुलीवर आज काय शिजतंय, म्हणून कुणी तुमचं दार वाजवलंय कधी? नाही ना? मग तुम्ही निवांत जेवता. मी ज्या बाईची हकीकत सांगतोय तिच्या दारावर रविवारच्या दिवेलागणीला थाप पडायची. एक नाही, तीन नाही. दोन. वाजवणारा बोलायचा नाही, थांबलाय की गेलाय तेही कळायचं नाही.

बाईचं नाव द्वारकाबाई. लोहाऱ्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तिची खोली आहे, विटांची, वर पत्रा, दारही पत्र्याचंच. वय साठीला टेकलेलं. नवरा कोंडीराम हमाल होता, दोन वर्षांपूर्वी गेला. एकुलती लेक सोनाली वाशीला दिली. द्वारकाबाईनं चौदा वर्षं स्टँडवरच्या चायनीजच्या गाडीवर भांडी घासली. भांडी घासता घासता मान वर करून बघायची, बास, तेवढीच तिची शाळा. एकदा गाडीवरचा पोरगा आला नाही, गिऱ्हाईक ताटकळलं, तेव्हा हिनं पदर खोचला आणि नूडलच्या अकरा प्लेटी काढल्या. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. कळला तो एवढाच की आज तिखट बरोबर होतं.

गाडीवर कोंबडीचं असायचं. घरी मात्र ती मोठ्याच्या मटणाचं करायची. म्हशीचं. कायदा गाय-बैलाचा आहे, त्यात म्हैस नाही. मी वाचलाय, तुम्हीही वाचा, मग माझ्याशी भांडायला या. रविवारी कोंडीराम मटण आणायचा आणि वाटेत बलभीमच्या इस्त्रीच्या दुकानातून कोळशाचा एक तुकडा उचलून पुडीवर ठेवायचा. तिन्हीसांजेला मटण घेऊन चाललं की बाहेरचं काहीतरी वासानं मागं लागतं, कोळसा ठेवला की लागत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. घरी पोचला की तो कोळसा उंबऱ्याबाहेर डाव्या अंगाला ठेवायचा, मगच आत पाय टाकायचा. मी त्याला कितीदा हसलो असेन. तो म्हणायचा, "अमरनाथ, तू मोर्चा काढ. कोळसा माझा हाय, तुझं काय जातंय?"

गेल्या फाल्गुनात द्वारकाबाई माझ्याकडे आली. मी पंचायतीतल्या एका अर्जात डोकं घालून बसलो होतो. ती उभ्या उभ्याच बोलली.

"अमरनाथ, म्या खोली सोडतीय."

"कुणी काढलं तुमाला? नाव सांगा फक्त."

"नाव आसतं तर सांगितलं नसतं व्हय."

मग बसली आणि सांगितलं. कोंडीराम गेल्यावर तिनं नूडल करायचं सोडून दिलं होतं. भाकरी, पिठलं, संपलं. संक्रांतीला सोनाली आली. तिचा नवरा माळकरी, तिथं अंडं फुटत नाही. सोनाली म्हणाली, आये, बाबा असताना करायचीस तसं कर की. हिनं केलं. मायलेकी जेवायला बसायच्या बेतात आणि दारावर दोन थापा. पुढच्या रविवारी एकटीसाठी केलं, पुन्हा दोन. मधल्या एका रविवारी मुद्दाम वरण-भात केला, काही नाही. पुन्हा कढई चढवली, पुन्हा दोन.

"उघडून बघितलं?"

"दोन वाजल्यावर कुणी उघडतं का? माणूस आसला तर तिसऱ्यांदा वाजिवतो. ते दोनदाच वाजिवतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जावई म्हंत्यात वाशीला चला. या ऐतवारी शेवटचं करून बघते. वाजलं तर सोमवारी कुलूप."

माझं डोकं सणकलं. भूत मी मानत नाही. पण मटण शिजलं की वाजतं आणि वरण शिजलं की वाजत नाही, याचा अर्थ मला बरोबर कळत होता. कुणाच्या तरी नाकाला तिच्या कढईचा वास खुपत होता. अशी माणसं मी बघितलीत. समोर येत नाहीत, अंधारात म्हातारीला भिववतात. आणि वाशीला गेली की द्वारकाबाईची कढई कायमची पालथी. तिच्या पोटात काय जावं हे पत्र्यावरच्या थापेनं ठरवायचं? म्हटलं, "मावशी, ऐतवारी म्या येतो. कुलूप बिलूप न्हाय लावायचं."

रविवारी ऊन उतरताना गेलो. बलभीमचं दुकान तिच्या दाराच्या बरोबर समोर, मधे आठ पावलांची गल्ली. त्याची कोळशाची इस्त्री मोडीत जाऊन वर्ष उलटलं, आता विजेची आहे. लाइट गेली की ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची मापं काढतो. माझ्या हातातली काठी बघून म्हणाला, "आज काठीला जोडून कुठलं कलम?"

"तू फक्त दाराकडं बघत बस. कोण येतं ते सांग."

"सांगतो की. भूत आलं तर आधारकार्ड बी मागतो."

मी डब्यातून राख आणली होती. तिच्या दारापुढं, उंबऱ्यापासून गल्लीच्या फरशीपर्यंत, चाळणीनं बारीक पसरली. येणाऱ्याचा पाय उमटला असता, चपलेचा नंबरसुद्धा कळला असता. बलभीमची म्हातारी आई दारात बसून ते बघत होती.

"दहाव्याच्या राती दिव्यापाशी पीठ पसरत्यात, तसं दिसतंय," ती म्हणाली.

"आज्जे, हे चोर धरायचं हाय."

"धर बाबा. ते बी पाऊल बघायलाच पसरत्यात, गेलेल्याचं."

मी आत गेलो, दार लावून कडी घातली.

द्वारकाबाईची तयारी झाली होती. मटणाच्या बोटाएवढ्या पट्ट्या, मांसाच्या धाग्याला आडव्या कापलेल्या. तशा कापल्या की वातड होत नाहीत. मीठ-हळद लावून कुकरला दोन शिट्ट्या काढून घेतलेल्या. नूडल उकडून, गार पाण्यातून काढून, तेलाचा हात फिरवून परातीत मोकळं केलेलं. कोबी, गाजर, ढोबळी मिरची, सगळं काडीसारखं. मी म्हटलं, "कांद्याची पात?"

"पात न्हाय घालत म्या आता."

कढई तापली. तेलात लसूण पडला, मग पट्ट्या. तिनं काळा मसाला टाकला, तो गाडीवर नसायचा, ते हिचं स्वतःचं. भाज्या मोठ्या आचेवर दोन मिनिटं, मऊ पडू द्यायच्या नाहीत. सगळा खेळ दहा मिनिटांचा. एकदा नूडल कढईत पडलं की हात थांबवायचा नाही, नाहीतर बुडाला धरतं. ती हलवता हलवता बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

"त्या ऐतवारी पात इसरली होती. म्या म्हणलं, पळा, जुडी आणा. ते म्हणले, शेवया झाल्या की हाक मार. नूडलला शेवयाच म्हणायचे. गेले. हिकडं म्या नूडल कढईत टाकलं आन् दारावर दोन थापा पडल्या."

तिनं झारा फिरवला.

"म्या इचारलं, कोन हाय? आवाज न्हाय. म्हणलं, तिसरी पडू दे. नूडल धरत होतं. सोया सॉस घातला, हलवलं. तिसरी पडलीच न्हाय. म्हणलं, ते बाहेरचंच हाय, बरं झालं उघडलं न्हाय. दोन ताटं वाढली. मग वाटलं, ह्यांना इतका येळ कसा? दार उघडलं."

तिनं कढईच्या कडा खरवडल्या.

"दाराला पाठ लावून बसले होते. उघडल्याबरोबर आत पडले, माझ्या पायावर. तोंड एका बाजूला गेलेलं. जुडी मुठीत. डाक्टर म्हणला, वाचा गेली होती, हाक मारता आली नसंल. डावा हात तेवढा हालत होता." तिनं गॅस थोडा बारीक केला, पुन्हा मोठा केला. "तिसऱ्या दिवशी गेले. जुडी म्या सोडवून घेतली न्हाय, तशीच जाऊ दिली."

दोन वर्षं मी त्या घरी येत-जात होतो. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कोंडीराम झटक्यानं गेला. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सोनालीलाही नाही.

मला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात तिनं सोया सॉसची बाटली उचलली आणि पत्र्यावर थाप पडली.

एक. मग जरा थांबून, दुसरी.

मी इतकी वर्षं दारं वाजवलीत आणि वाजताना ऐकलीत. पोलिसाची थाप वेगळी, वसुलीवाल्याची वेगळी. उभा माणूस वाजवतो तेव्हा आवाज छातीच्या उंचीवरून येतो. ही थाप खालून आली होती. उंबऱ्याच्या वर, हातभर. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात मागं वळवून जिथं पोचेल, तिथून. आणि पत्र्याच्या खालच्या अंगाला काहीतरी टेकल्यासारखा कुर्र आवाज झाला, वजन पडल्यासारखा.

काठी माझ्या हातात होती. बाहेर समोर बलभीम होता, राख होती, उजेडही पुरता गेला नव्हता. उठून कडी काढायची, एवढंच काम. मी उठलो नाही. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी मनात तिसरी मोजत होतो. देवऋष्यांचे दरबार बंद करायला भांडलेला मी तिथं बसून तिसऱ्या थापेची वाट बघत होतो. ती पडावी, म्हणजे तो माणूस ठरेल आणि मला त्याचं गचुरं धरता येईल.

कढईतून जळका वास यायला लागला. द्वारकाबाईनं गॅस बंद केला. नूडल अर्धं कच्चं, अर्धं धरलेलं, तसंच सोडलं. हात पदराला पुसले आणि दाराकडं गेली.

"मावशी, थांबा."

"दोन वर्सं थांबलेच की," ती म्हणाली आणि कडी काढली.

दार आत ओढलं. बाहेर कुणी नव्हतं. समोर ओट्यावर बलभीम बसलेला, त्याच्या मागं त्याची आई. द्वारकाबाई उंबऱ्यात खाली बसली आणि कुणाच्या तरी तोंडाजवळ तोंड नेऊन बोलावं तसं हळू म्हणाली, "या. उशीर झाला मला."

मग गेली, ताट वाढलं, धरलेलं नूडल वगळून वरचं वरचं घेतलं आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं. स्वतः शेजारी बसली. दार सताड उघडं. वास गल्लीभर गेला.

मी बाहेर डोकावलो. राख जशी पसरली होती तशीच, चिमणीचासुद्धा पाय नाही. बलभीम जागेवरूनच म्हणाला, "कुणी न्हाय आलं. तुमीच आतून वाजिवलं का?" या वेळी तो चेष्टा करत नव्हता. माझं लक्ष डाव्या अंगाला गेलं होतं. उंबऱ्याबाहेर, राखेच्या मधोमध, कोळशाचा एक तुकडा होता. खालची राख दबलेली, भोवतीची जशीच्या तशी. पसरताना तो तिथं नव्हता. चाळणी माझ्याच हातात होती.

मी उकिडवा बसून त्याला बोट लावलं. गार होता. गॅसवर स्वयंपाक करणारी ही गल्ली, इस्त्री विजेची, आणि अख्ख्या लोहाऱ्यात त्या दिवशी कोळसा कुठं मिळतो हे मला सांगता आलं नसतं. मला विचारू नका तो कुठून आला. मी शोधलं. मला त्याचा जबाब हवा होता, अजून हवाय.

द्वारकाबाईनं तो बघितला. चेहऱ्यावर भीती नव्हती. एवढंच म्हणाली, "राहू दे तिथं. त्यांची जागा हाय ती."

सोमवारी जावई टेम्पो घेऊन आला, सोबत सोनालीही. तिनं त्याला चहा दिला आणि परत पाठवला. सोनालीला मात्र कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं, पात आणायला पाठवल्यापासून. सोनाली रडली, मग चिडली, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

त्या रविवारनंतर वाजलेलं नाही. वाजायला दार लावलेलंच नसतं म्हणा. द्वारकाबाई आता रविवारी दार उघडं ठेवून कढई चढवते, ज्याच्या नाकाला खुपतं त्याच्या खुपो. कांद्याची पातही पुन्हा घालते, वरून, गॅस बंद केल्यावर. ताटं दोन वाढते. दुसऱ्या ताटावर मी जेवतो कधीकधी, पण आधी उंबऱ्याकडं बघून विचारतो. हसायचं तर हसा.

एवढं मात्र माझं ऐका. तुमच्याही दारावर एखाद्या संध्याकाळी दोनच थापा पडतील आणि आवाज देणार नाही कुणी. तव्यावरचं जळलं तर जळू द्या. तिसरी मोजत बसू नका. उठा आणि कडी काढा.